दोघांचा पहिला नाताळ

लग्नानंतरची पहिली दिवाळी जवळ आली की मराठी घरांत दिवाळसणाची बोलणी सुरू होतात. जावई कधी येणार, पाडव्याला त्याला काय द्यायचे, विहीणबाईंच्या मनात काय आहे आणि त्या ते बोलून दाखवीत नाहीत याचा अर्थ काय घ्यायचा, या खलबतांत दसऱ्यानंतरचे पंधरा-वीस दिवस कसे जातात ते कळत नाही. नव्या जोडप्याला मात्र त्यात काहीच करावे लागत नाही. बसा म्हटले की पाटावर बसायचे, उटणे लागले की अंघोळीला उठायचे, वाढतील ते खायचे आणि थोरामोठ्यांच्या पाया पडायचे. सण त्यांचा, पण राबणारे हात दुसऱ्यांचे.

आता अशी कल्पना करा, की माहेर दूर, सासरही दूर, परक्या शहरात दहा बाय बाराची एक खोली, एक शेगडी आणि माणसे दोन. वर्षातला सर्वांत मोठा सण चार दिवसांवर आलेला, आणि तो करायचा कसा हे विचारायला घरात वडीलधारे कुणीही नाही. पीठ किती घट्ट भिजवायचे इथपासून तो देवापुढे पहिल्यांदा गुडघे कुणी टेकायचे इथपर्यंत सारे त्या दोघांनीच ठरवायचे.

ही नुसती कल्पना नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात गेली शंभर-सव्वाशे वर्षे हजारो जोडप्यांनी लग्नानंतरचा पहिला नाताळ असाच काढलेला आहे. मुंबईत काढला, कराचीत काढला, नैरोबीत काढला, आखातात काढला आणि आता विलायतेत काढीत आहेत. दिवाळी अंकात नाताळाची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की नाताळाच्या ताटातली नेवरी म्हणजे आपली करंजीच. आणि सासर-माहेरची ओढ तर काय, दोन्हीकडे सारखीच.

गावी हा सण कसा होतो ते आधी पाहिले पाहिजे. त्याशिवाय त्या दोघांच्या खोलीत काय उणे पडत होते ते ध्यानात यायचे नाही.

डिसेंबर लागला की साष्टी-बारदेशातल्या घरांना रंगाचा हात फिरतो. पोरे बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन नक्षत्र करायला बसतात. आत दिवा ठेवून ते दारापुढे टांगायचे. ताटलीत माती पसरून तीत नाचणी किंवा गहू पेरतात, अगदी आपल्या नवरात्रातल्या घटासारखे. आठ-दहा दिवसांत हिरवेगार कोंब वर येतात आणि ते गोठ्यातल्या बाळ येशूच्या मूर्तीभोवती गवत म्हणून मांडतात. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला पोर्तुगीज नाव आहे मिसा-द-गालु, म्हणजे कोंबडा आरवण्याच्या वेळची मिस्सा. आणि मग फराळ. गोडाच्या त्या ताटाला कोन्सुआद म्हणतात, हाही पोर्तुगीजच शब्द. विणलेल्या रुमालाने झाकून ते ताट शेजारीपाजारी पाठवायचे, त्यात हिंदू शेजारीही आले. चतुर्थीला-दिवाळीला त्यांच्याकडून ताट आलेले असते, त्याची ही फेड.

या ताटातल्या पदार्थांकडे जरा बारकाईने पाहा. दोदोल घ्या. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या भांड्यात घालून तासन् तास घोटायचा. हात थांबला की खाली लागलाच. एकीचा दंड भरून आला की दुसरी पुढे होते, तिच्यामागून तिसरी. बिबिंक घ्या. अंड्यांचे बलक, नारळाचा रस, साखर आणि थोडा मैदा यांचे पातळ मिश्रण पळीने ओतायचे, तो थर भाजला की त्यावर तूप सोडून दुसरा ओतायचा. बिबिंकेला सात थर तरी पाहिजेत. हौशी घरांत ते सोळापर्यंत जातात. आणि हे सारे भाजायचे खालच्या विस्तवावर नव्हे, वरच्या, म्हणजे भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून. पाट मांडून अख्खी दुपार एका भांड्यापुढे घालवील अशी एखादी आत्या घरात असल्याशिवाय बिबिंक होत नाही. कुलकुल हा त्या मानाने पोरखेळ. पिठाची बारीक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळवली की शिंपल्यासारखा आकार येतो, मग ते तळायचे. पण अशा शेकडो गोळ्या वळायच्या तर घरात पोरे हवीत. सोरपोतेलाचीही तीच गत. डुकराचे मांस आणि काळीज बारीक चिरून, मसाला आणि माडाच्या सुरेचा विनेगर घालून ते दोन-तीन दिवस आधी करून ठेवतात, रोज ऊन करतात, आणि मुरेल तसे ते चढत जाते. ज्या घरात सणाला डुक्कर कापतात त्या घरचे माप डुकराचे असते. दोन माणसांचे सोरपोतेल किती करायचे हे कुठल्या आईने मुलीला शिकवलेले नसते, कारण तिला स्वतःलाच ते कधी करावे लागलेले नसते.

थोडक्यात, हा सारा फराळ रचलेलाच आहे भरल्या घरासाठी. दोघांच्या संसारात तो बसत नाही. फराळाचे एक वेळ भागवता येईल. पण आणखी एक गोष्ट आहे, ती विकत मिळत नाही आणि करूनही होत नाही. तिचे नाव बेसांव. बेसांव म्हणजे आशीर्वाद. संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, संपली की घरातली धाकटी माणसे हात जोडून थोरांकडे बेसांव मागतात. परगावी निघताना मागतात, लग्नाला उभे राहण्यापूर्वी मागतात, मोठ्या सणाला तर मागायचाच. आपल्याकडे वाकून नमस्कार करायचा असतो, तसेच हे. पण नमस्कार आपण मनातल्या मनातही करू शकतो. बेसांव देणारे माणूस मात्र समोर असावे लागते.

मग ही माणसे घर सोडून निघाली कशी? गोव्यात शेती थोडी, उद्योग नाहीत, पोर्तुगीज सरकारची कचेरी किती जणांना पुरणार? १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यातून १८८०च्या दशकात मुरगावची आगगाडी आली आणि घाटावरची वाट सोपी झाली. मुंबईला बोट होतीच. विलायती पद्धतीचा स्वयंपाक करण्यात या लोकांना विटाळ वाटत नव्हता, चर्चच्या शाळेत त्यांना गाण्यावाजवण्याचे स्वर शिकवलेले असत आणि शिवणाचा हात चांगला. तेव्हा कुणी साहेबाचा बटलर झाला, कुणी वाजंत्रीच्या ताफ्यात शिरला, कुणी धोबीतलावला शिंपी म्हणून बसला. हजारो जण पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून चढले. बोटीवरच्या माणसाला कोंकणीत तारवटी म्हणतात. मुंबईत त्यांची उतरायची जागा म्हणजे कुड. एकेका गावाची एकेक कुड; धोबीतलावच्या जेर महालात आजही काही आहेत. भिंतीशी ओळीने लाकडी पेट्या, एका बाजूला देव्हारा, संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणायचा. भाडे नाममात्र. नियम मात्र कडक: बिऱ्हाड पुरुषांचे, बायकांना तिथे राहायला मनाई.

यातून एक चमत्कारिक वाटणी झाली. तारवट्याने लग्न करायचे, महिना-दोन महिने गावी काढायचे आणि बोटीवर परतायचे. नवी सून घरातच. तिच्या पहिल्या नाताळाला सारे असे: सासू, जावा, दीर, दोदोल घोटणारे दहा हात, बेसांव द्यायला सासरा. फक्त नवरा नसे. तो कुठल्या तरी बंदरात साहेबांच्या पुडिंगवर नजर ठेवून उभा. उलट ज्याला मुंबईत खोली मिळाली आणि ज्याने बायको आणली, त्याच्याकडे दोघे असत आणि बाकी कुणीच नसे. कुणाला घर मिळाले, कुणाला जोडीदार. गावातल्या बायका मुंबईला गेलेल्या सुनेचा हेवा करीत आणि त्याच तोंडाने तिची कीवही करीत. दोन्ही खरे होते, असे मला वाटते.

अशीच एक जोडी आमच्या गिरगावातल्या चाळीत राहात असे. साल १९५६. मी तेव्हा मराठी चौथीत होतो, आणि त्या वयात माणसाला आठवण राहते ती खाण्याची. पण पुढे त्या बाईंनी माझ्या आईला सांगितलेले आणि आईने मला सांगितलेले असे पुष्कळ त्यात मिसळले आहे.

तो धोबीतलावला एका दुकानात कोट शिवीत असे. ती एकोणीस वर्षांची, साष्टीतली. १९५५च्या आरंभी ती मावशीकडे म्हणून मुंबईला आली आणि इथेच अडकली. त्या वर्षी गोव्याचा प्रश्न पेटला. १५ ऑगस्टला सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला, माणसे पडली. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली. कॅसलरॉकवरून जाणारी आगगाडी बंद, पणजीची बोट बंद, सीमा ओलांडायची तर परवाना. गोव्यातून बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या दोन चिरफळ्या झाल्या. दोघांचे लग्न १९५६च्या मे महिन्यात मुंबईतच लागले. दोन्हीकडचे आईबाप गावी, एकालाही येता आले नाही. लग्नात वडिलकीला उभी राहिलेली मावशी पावसाळ्यानंतर नवऱ्याबरोबर नैरोबीला गेली. डिसेंबर उजाडला तेव्हा त्या पोरीचे म्हणून या शहरात एकच माणूस होते, आणि नाताळाच्या तोंडावर शिंप्याच्या दुकानात किती गर्दी असते ते सांगायला नको. साऱ्या मुंबईचे नाताळाचे कोट तिच्या नवऱ्याच्या मशीनवर. तो रात्री अकराला घरी येई.

चाळ चांगली होती, पण काळ वाईट होता. गोळीबारात गेलेल्यांची नावे लोकांच्या तोंडी होती आणि जिन्यात भेटलेल्या या दोघांना कुणी ना कुणी तिरके बोले. "काय, तुमचा साळाझार काय म्हणतो?" जणू साळाझार यांचा मामा लागत होता! गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी पोर्तुगीजांच्या कैदेत गेलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्या हे ख्रिस्तीच, आणि ते त्याच काळात मुंबईत राहून लढत होते, हे बोलणाऱ्यांच्या गावीही नसे. तो शिंपी बिचारा हसून वर जाई. ती मात्र गॅलरीत उभी राहायची बंद झाली होती.

माझी आई मालवणची. तिला त्या पोरीची कोंकणी कळे, आणि तेवढ्यावर त्यांचे गूळपीठ जमले होते. एकवीस तारखेला दुपारी आई सहज डोकावली तर खोलीभर परातीच पराती, आणि मध्ये ती पोर पिठाच्या डोंगरापुढे बसलेली.

"अगो, दोगा माणसां तुमी," आई म्हणाली, "इतक्या पिठाचा काय करतलंस?"

"वैनी, आमगेर इतलेंच घेतात," ती म्हणाली. आमच्याकडे एवढेच घेतात.

चार शेर मैदा होता. तिच्या घरी माणसे बावीस. आईने शिकवले ते माप तेवढेच, आणि त्याला बावीसाने भागून दोनाने गुणायचे तिच्या डोक्यातही आले नव्हते. किंवा आले असेलही, आणि तिने ते केले नसेल. पीठ थोडे घेणे म्हणजे घर लहान झाल्याचे कबूल करणे. आता मला तसे वाटते.

आईने चाळीतल्या सगळ्या पोरांना हाक मारली. शाळेला सुट्टी लागलेली. आईने पैसे देऊन कोपऱ्यावरून सहा नव्या फण्या मागवल्या आणि आम्ही बारा-तेरा जण त्या खोलीत ओळीने कुलकुल वळायला बसलो. पहिला तास मोठ्या इमानाने काम झाले, दुसऱ्या तासात कच्चे पीठ खाणारे दोघे पकडले गेले, तिसऱ्या तासात ज्याच्या फणीवरून चांगला आकार पडत होता त्याच्या फणीसाठी मारामारी झाली. समोरच्या आजीने दारातूनच विचारले, "त्यात अंडं नाही ना गं?" नाही म्हटल्यावर आजी आत आल्या आणि पोरांना शिस्त लावण्याचे काम त्यांनी आपणहून पत्करले.

बिबिंकेचे मात्र जमेना. चाळीतल्या शेगडीला विस्तव खालून. बिबिंकेला तो हवा वरून. तिने पातेल्यावर लोखंडी तवा पालथा घातला आणि त्यावर कोळसे ठेवले. राख आत पडली. मग तव्याऐवजी काठाची परात आणली. दुपारी दोनला बसलेली पोर दिवेलागणीला उठली तेव्हा चार थर झाले होते आणि कोळसा संपला होता. सात थर हवे होते, चार झाले. ती रडली, असे आई सांगे. नेवऱ्या झाल्या. दोदोलाचे नाव तिने काढलेच नाही.

सोरपोतेल बावीस तारखेला झाले. आमच्या मजल्यावर त्या वासाने दोन बिऱ्हाडांची दारे लागली, ते असो. विनेगर गावचा नव्हता. सान्ना, म्हणजे त्याबरोबर खायच्या इडलीसारख्या वड्या, त्या फुगायला माडाची सूर लागते. मुंबईत १९४९च्या कायद्याची दारूबंदी, सूर आणायची कुठून? तिने पाववाल्याकडून खमीर आणले. चोवीस तारखेला तिचा उपास असे, त्यामुळे सोरपोतेल ऊन करताना मीठ पुरेसे आहे की नाही हे चाखून पाहण्याची सोय नाही. तिने झाकण काढून नवऱ्याला नुसता वास घ्यायला लावला. तो म्हणाला, "पुरे आहे." शिंप्याला मिठाचा वास कळतो, हे आमच्या चाळीला त्या दिवशी समजले.

रात्री दोघे सोनापूरच्या चर्चला गेली. त्याने स्वतःसाठी कोट शिवला नव्हता. वेळच झाला नव्हता. तिच्यासाठी मात्र दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडातून एक छानसे जाकीट बेतले होते. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होत असे, त्यामुळे गावची काय आणि मुंबईची काय, शब्द तेच, आणि सूरही ओळखीचे. ती पुढे आईला म्हणाली, की डोळे मिटले तेव्हा सारे गावचेच होते. उघडले तेव्हा शेजारच्या बाकावर अनोळखी माणसे.

घरी आली तेव्हा रात्रीचे दीड-दोन झाले असतील. फळीवर देव्हारा, त्यापुढे खोबरेल तेलाच्या डबीच्या झाकणात पेरलेली नाचणी बोटभर वाढलेली. दोघांनी गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली आणि सवयीने दोघांचेही हात बेसांव मागायला जोडले गेले. समोर भिंत. कोण कुणाला देणार? तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण नवरा काही बायकोला बेसांव देत नाही. तेव्हा त्याने पेटीतून एक पत्र काढले. परवाना मिळालेल्या कुणा गावकऱ्याने ते महिन्यापूर्वी आणून दिले होते, तिच्या वडिलांचे. शेवटी, सगळ्या गोवेकर बापांच्या पत्रांत असते तशी, तुम्हां दोघांना बेसांव अशी ओळ होती. ती त्याने वाचली. मग पत्र घडी करून पेटीत ठेवले आणि दोघे झोपली.

दुसरे दिवशी, पंचवीस तारखेला मंगळवार होता, दुपारी जिन्यावर बुटांचे आवाज आले. त्याच्या गावच्या कुडीतली सात माणसे जेवायला आली. कुडीत बाई नाही, सणाचे रांधणार कोण? गावचे एक बिऱ्हाड मुंबईत आहे म्हटल्यावर त्यांनी सणाला तिथे यायचे, हे आमंत्रणाशिवायच ठरलेले. एकोणीस वर्षांची ती पोर त्या सात जणांची यजमानीण झाली. सोरपोतेल बावीस माणसांचे होते, ते पुरले. शेरभर कुलकुल आमच्या चाळीत ताटाताटांनी वाटले गेले होते आणि साळाझारवाल्या गृहस्थांकडेही एक ताट गेले होते. त्यांनी ते घेतले. रिकामे ताट परत करू नये म्हणून त्यांच्या मंडळींनी त्यात साखर घालून पाठवली.

त्या सातांत एक म्हातारा होता, बोटीवरचा आचारी. बोट मुंबईला लागलेली, गाव इथून बोटीने एका दिवसाच्या वाटेवर, आणि नाकेबंदीमुळे जाता येत नव्हते. माझ्या वडिलांनी त्याला विचारले, "इतक्या वर्षांत नाताळाला घरी किती वेळा होतात?" त्याने उजव्या हाताची बोटे मोजायला घेतली आणि चौथ्या बोटावर थांबला. एकंदर नोकरी छत्तीस वर्षांची.

जेवणानंतर ती दोघे त्या म्हाताऱ्यासमोर आली आणि हात जोडून उभी राहिली. वयाने तो सगळ्यांत मोठा. आई दारात होती, तिने हे पाहिले. म्हातारा आधी समजला नाही. समजला तेव्हा हातातला रुमाल कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. त्याच्या स्वतःच्या मुलांनी मोठ्या सणाला त्याच्याकडे बेसांव मागितल्याचे प्रसंगही चारच असणार. मग त्याने दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून जे काय म्हणायचे ते म्हटले. बिबिंकेचे चार थर त्याने निरखून पाहिले आणि तो म्हणाला, की बोटीवरच्या भट्टीतसुद्धा वरून विस्तव मिळत नाही, त्याला कधी तीनाच्या वर जमले नव्हते. हे खरे होते की तिच्या समाधानासाठी, देव जाणे.

पुढे १९६१च्या १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला; नाताळाला सहा दिवस उरले होते. त्या वर्षी त्यांचे जाणे जमले नाही. १९६२च्या नाताळाला दोन मुलांना घेऊन ती दोघे गावी गेली. वडील होते. आई त्याआधी दोन वर्षांपूर्वी गेलेली.

आता बोटीही राहिल्या नाहीत. १९९८ पासून कोकण रेल्वे रात्रीत मडगावला पोहोचवते, तेव्हा मुंबईच्या जोडप्याला नाताळ परका राहिला नाही. दूर जाण्याचे ठिकाण तेवढे पुढे सरकले. आखातात पंचवीस डिसेंबर हा कामाचा दिवस. कुवेतला, दुबईला मोठी चर्चे आहेत आणि तिथे इतकी गर्दी लोटते की मिस्सा अंगणात ऐकावी लागते. सौदी अरबस्तानात मात्र एकही चर्च नाही, तिथले जोडपे नक्षत्र टांगते ते खोलीच्या आत, पडदे ओढून. विलायतेत स्विंडन नावाचे गाव गोवेकरांनी भरले आहे. १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्या पासपोर्टावर ही मंडळी विलायतेत कामाला गेली. २०२० अखेर ती वाट विलायत सरकारने बंद केली, पण गेलेले तिथेच आहेत. तिथे नाताळाच्या दिवशी आगगाडी धावत नाही, चारच्या सुमारास अंधार पडतो आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याचा सण चार भिंतींत.

आमच्या चाळीतल्या त्या पोरीची नात लग्न होऊन तिथे गेली आहे. पोर आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजी झाली आहे. नवरा गेला, चाळ पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली, पण आम्हां जुन्या शेजाऱ्यांचे येणेजाणे आहे. गेल्या नाताळाच्या आधी मी भेटायला गेलो होतो. गोव्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसहा, हा हिशेब तिला तोंडपाठ झाला आहे. मी असतानाच नातीचा फोन आला. मोबाइलच्या पडद्यावर दोघे दिसत होती, मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत एक ताटली. तिच्यात पेरलेले गहू थंडीने धड उगवले नव्हते. बिबिंक तिथल्या दुकानात डब्यात मिळते, ती आणली होती. कुलकुल घरी करायचे होते. पोरांच्या फण्यांची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली.

"आजी, मैदा किती घेऊ?" नातीने विचारले. "आम्ही दोघंच आहोत."

"चार किलो घे," आजी म्हणाली.

नात हसली, नवराही हसला. आजी हसली नाही. ती म्हणाली, "तुमच्या इमारतीत पोरं किती आहेत ती मोज, आणि फण्या नव्या घे." मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि पडदा तिच्या तोंडासमोर नीट धरायला सांगितला, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिकडे दोघांनी माना खाली घातल्या.